बाप्तिस्म्यानंतरचे निवेदन : मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांतील शिष्यत्वाचा प्रश्न

१

मराठीतील ख्रिस्ती आत्मचरित्रांचा विचार आजवर बहुतांशी धर्मांतराच्या घटनेभोवती फिरत राहिला आहे. धर्मांतर का झाले, कोणत्या वाचनाने वा कोणाच्या सहवासाने झाले, त्यासाठी आप्तस्वकीयांचा कोणता रोष पत्करावा लागला, हे प्रश्न चरित्रकारांनी विचारले, समाजेतिहासाच्या अभ्यासकांनी विचारले आणि साहित्यसमीक्षेनेही तेच प्रश्न उचलून घेतले. गौरी विश्वनाथन यांच्या 'आउटसाइड द फोल्ड' (१९९८) या ग्रंथानंतर धर्मांतराकडे असहमतीची एक कृती म्हणून पाहण्याची दृष्टी अभ्यासकांत रुळली. रमाबाईंच्या वाचनाला तिने नवे परिमाण दिले, याविषयी शंका नाही. परंतु या दृष्टीतही लक्ष खिळते ते संघर्षावर. संघर्ष निवल्यावर, बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नवख्रिस्ती माणूस कसा जगू लागला, दहा वर्षांनी तो कोण झाला आणि हे होणे त्याने कोणत्या भाषेत सांगितले, हा प्रश्न मागेच राहतो.

ख्रिस्ती परंपरेच्या दृष्टीने तर हाच प्रश्न मुख्य आहे. शुभवर्तमानांत 'शिष्य' या अर्थी येणाऱ्या 'मॅथेटेस' या ग्रीक शब्दाच्या मुळाशी शिकण्याची क्रिया आहे. शिष्य म्हणजे शिकणारा. शिकून झालेला नव्हे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी या शब्दासाठी 'शिष्य' हा संस्कृत शब्द घेतला, तेव्हा त्याच्याबरोबर गुरुशिष्यसंबंधाची संपूर्ण भारतीय कल्पना, गुरुगृही राहणे, सेवा करणे, अनुग्रह मिळणे हे सारे त्या शब्दाच्या पोटात आले. उलट, ज्या शब्दाने मनाचे वळणे सांगायचे त्यासाठी 'पश्चात्ताप' हा शब्द रूढ झाला. मूळ शब्दात मन पालटण्याचा अर्थ आहे. 'पश्चात्तापा'त मागे वळून पोळण्याचा. वळून पुढे चालू लागण्याची सूचना त्यातून पुरेशी मिळत नाही. 'नवा जन्म' या कल्पनेची अडचण तर उघडच आहे. ज्या भाषेत 'पुनर्जन्म' म्हणजे सुटका करून घ्यावयाचा फेरा आणि 'द्विज' म्हणजे जातीने मिळणारा अधिकार, त्या भाषेत दुसऱ्या जन्माची गोष्ट सांगणाऱ्याला शब्दाशी आधी झगडावे लागते.

तेव्हा धर्मांतरोत्तर आध्यात्मिक वाढ हा जसा धर्मशास्त्राचा विषय आहे, तसाच तो निवेदनाच्या घाटाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न विचारार्थ घेतला आहे. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मनिवेदनांनी त्याला तीन वेगळी उत्तरे दिली असून, त्यांतील लक्ष्मीबाईंचे उत्तर वाङ्मयदृष्ट्या सर्वांत समर्थ आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

धर्मांतरकथेचा रूढ घाट नाट्यात्म असतो. अंधार, संशय, ओढाताण, प्रकाशाचा क्षण आणि त्या क्षणाची साक्ष म्हणून बाप्तिस्मा, असा त्याचा चढता आलेख असतो. या घाटाला शेवट सापडतो, कारण घटनेला शेवट असतो. शिष्यत्वाला मात्र असा कळस नसतो. त्यात पुनरावृत्ती असते, सवय असते, घसरणे आणि पुन्हा उभे राहणे असते. कथनाला जे कंटाळवाणे वाटते, त्याचेच ते बनलेले असते.

ही अडचण पाश्चात्त्य परंपरेतील श्रेष्ठ लेखकांनाही जाणवलेली दिसते. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला. त्याच्या 'कन्फेशन्स'मध्ये मनाच्या पालटाचा प्रसिद्ध प्रसंग आठव्या भागात आणि बाप्तिस्मा नवव्या भागात येतो. परंतु ग्रंथ तेरा भागांचा आहे. दहाव्या भागात ऑगस्टीन लेखनकाळच्या स्वतःकडे वळतो आणि स्वप्ने, अन्नाची गोडी, स्तुतीची हाव यांपैकी काय अजून सुटलेले नाही, याची झडती घेतो. तेथे कथा थांबते आणि परीक्षण सुरू होते. बन्यनने दुसरा मार्ग काढला. त्याच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधील (पहिला भाग, १६७८) यात्रिकाच्या पाठीवरचे ओझे क्रूसापाशी गळून पडते ते प्रवासाच्या आरंभीच. चढण, बाजार, निराशेचा कैदखाना आणि अखेरची नदी हे सारे त्यानंतरचे. हे पुस्तक हरि केशवजी यांच्या 'यात्रिकक्रमण' या भाषांतराने १८४१ सालीच मराठीत आले होते. म्हणजे ओझे उतरल्यानंतरही चालत राहण्याचा नमुना मराठी ख्रिस्ती लेखकांपुढे आरंभापासून होता.

आपल्याकडे याच्याही मागे जाता येते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची निमित्तकथा लक्षणीय आहे. नवख्रिस्ती श्रोता पाद्रीला विचारतो, की जुनी पुराणे आमच्याकडून सुटली, तर त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? पाणी मस्तकावर पडून गेलेले आहे, पण कानाची आणि मनाची भूक तशीच आहे, ही त्या प्रश्नामागील जाणीव होय. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या या आद्य महाग्रंथाचा उगम अशा रीतीने बाप्तिस्म्यानंतरच्या गरजेत आहे. एकोणिसाव्या शतकात आत्मचरित्र हा प्रकार हाती आल्यावर मात्र हे भान काहीसे मागे सरलेले दिसते.

३

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा बाप्तिस्मा ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे झाला. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. या दोन तारखांमध्ये चौतीस वर्षांचे अंतर आहे. तेविसाव्या वर्षी घडलेल्या घटनेकडे सत्तावन्न वर्षांचा, पाळकपणाचा आणि अखंड लेखनाचा अनुभव असलेला माणूस पाहतो आहे. तरीही कथनाचा भार आहे तो बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटचालीवर. बालपणीची देवधर्माची ओढ, मिशनच्या शाळांतील वाचन, वाढता संशय, आईवडिलांच्या दुःखाची धास्ती, गुप्तपणे धरलेला विश्वास आणि तो उघड करण्यातली दिरंगाई यांचे वर्णन पदमनजी अत्यंत बारकाईने करतात. मनाच्या चालढकलीचे इतके प्रामाणिक चित्रण त्यापूर्वीच्या मराठी गद्यात विरळा आढळते. ग्रंथाचे नावच त्याची मर्यादा सांगते. अरुणोदय झाला, दिवस कसा गेला, हे या ग्रंथाचे मुख्य सांगणे नव्हे.

यात लेखकाची उणीव पाहण्यापेक्षा घाटाची अपरिहार्यता पाहावी. पदमनजींना ज्या वाचकाला हाताशी धरून न्यायचे होते तो उंबरठ्यावर घुटमळणारा सुशिक्षित हिंदू तरुण होता. उंबरठ्यापलीकडच्या घराचे वर्णन त्याला उपयोगाचे नव्हते. परंतु 'अरुणोदया'त एक असा धागा आहे, की जो पुढच्या लेखनाच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. पदमनजी परमहंस सभेचे सभासद होते. जातिभेद न मानणाऱ्या या सभेत ख्रिस्ती माणसाच्या हातची रोटी खाण्याची रीत होती, पण ती गुप्तपणे. सभासदांची नावे फुटल्यावर, १८६० च्या सुमारास, सभा मोडली. झाकल्या दाराआड सोडलेली जात उघड्यावर सोडता येईना, हे या सभेचे शल्य होते. पदमनजींच्या दृष्टीने बाप्तिस्मा हे या गुप्ततेला दिलेले उत्तर होते. ते उत्तर एका दिवसात देता आले. त्या दिवसानंतर रोज कोणाबरोबर जेवायचे, हा प्रश्न मात्र रोजचाच राहिला.

४

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) निवेदनात हा घाट प्रथमच आतून फुटतो. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतरच्या काळातला त्यांचा आणि सिस्टर जेराल्डीन, डोरोथिआ बील यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या पत्रसंग्रहामुळे (१९७७) अभ्यासकांना उपलब्ध झाला. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका, गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का म्हणून असावीत हा आक्षेप, शाकाहार न सोडण्याचा निश्चय आणि एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही ही भूमिका, हे सारे त्या पत्रांत आहे. अलीकडच्या अभ्यासात या पत्रांचे वाचन सत्तेला दिलेला प्रतिकार म्हणून झाले, ते योग्यच आहे. तथापि, ही पत्रे शिकणाऱ्या माणसाची आहेत, याकडेही लक्ष दिले पाहिजे. येथे शिष्या आपल्या शिक्षिकांना प्रश्न विचारते आहे. त्या शिक्षिकांच्या मते शिष्यत्वाचा पहिला धडा आज्ञापालनाचा. रमाबाईंच्या मते विवेकाचा. वाढ म्हणजे नेमके काय, यावरचा हा मतभेद आहे.

१९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षकथनात रमाबाई या काळाकडे वळून पाहतात आणि एक विलक्षण निर्णय देतात. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. तो सापडला सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, शारदा सदन (स्थापना १८८९) सुरू झाल्यानंतर. याला साहाय्यभूत ठरले ते विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मकथन. हॅस्लम आधीच धर्मगुरू होता आणि स्वतः उपदेश करीत असतानाच त्याला आपल्या श्रद्धेचे पोकळपण उमगून पालट झाला. चर्चच्या आत असलेल्या माणसाचे परिवर्तन, हे कथाबीज रमाबाईंना आपल्या अनुभवाचे रूप म्हणून मिळाले.

निवेदनाच्या दृष्टीने येथे काय घडते? रमाबाई कळस पुढे सरकवतात. बाप्तिस्मा हा शेवट न राहता मधला टप्पा होतो आणि त्याच्यापलीकडे दुसरा, खरा पालट उभा राहतो. यामुळे बाप्तिस्म्यानंतरच्या आठ वर्षांना अर्थ मिळतो. कथेला 'नंतर' मिळते. परंतु नाट्यात्म घाट मोडत नाही, तो दुहेरी होतो. पुन्हा अंधार आणि पुन्हा प्रकाश. त्यानंतरचा काळ या साक्षकथनात मुख्यतः अनुग्रहाची आणि कार्याची नोंद म्हणून येतो. केडगावच्या मुक्ती सदनातील दुष्काळग्रस्त मुली, १९०५ चे तेथील आध्यात्मिक उजागर हे सारे त्यात मोठे आहे, पण आतले बाई कशा बदलत होत्या ते फारसे दिसत नाही. कदाचित त्याचे उत्तर दुसऱ्याच संहितेत शोधावे लागेल. हिब्रू आणि ग्रीक शिकून, सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत चालविले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या मृत्यूपूर्वी ते पुरे केले. एकेका शब्दापाशी थांबणे, शिकणे, पुन्हा लिहिणे ही रोजची मेहनत म्हणजेच त्यांचे शिष्यत्व होते, असे म्हणण्यास आधार आहे. आत्मकथनाला जी सावकाश गती पकडता आली नाही, ती भाषांतराच्या श्रमात आहे.

५

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही; त्यांची धर्मांतरोत्तर वाटचाल अभंगात आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या अर्थाचे त्यांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. 'शिष्य' या शब्दाच्या पोटातील भारतीय आशय त्यांनी जाणूनबुजून जागा केला. ख्रिस्त हा त्यांना गुरू आहे, माउली आहे, आणि अभंगाच्या शेवटची त्यांची नाममुद्रा 'दास' अशी आहे. अभंगाचे सामर्थ्य तळमळ पुन्हा पुन्हा नव्याने उभी करण्यात असते. प्रत्येक अभंग आरंभापासून आरंभ करतो. म्हणून पुनरावृत्तीचा अनुभव त्यात फार चांगला व्यक्त होतो. कालाचा मात्र होत नाही. वीस वर्षांत माणूस किती पालटला, हे अभंगसंग्रह चाळून सांगता येणे कठीण.

टिळकांच्या आयुष्यातील अखेरची कृती म्हणूनच अधिक बोलकी आहे. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची पगारी चाकरी सोडली, भगवी वस्त्रे घेतली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ होता. बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावलेला माणूस बावीस वर्षांनी शिष्यत्वाची कसोटी बाप्तिस्म्याच्या बाहेर नेतो, यात विसंगती नाही. धर्मांतर ही घटना आणि शिष्यत्व ही अवस्था यांतील भेद त्यांना स्वानुभवाने कळला होता. त्या अवस्थेचे गद्य मात्र त्यांच्या पत्नीने लिहिले.

६

लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८–१९३६) 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठी समीक्षेने या ग्रंथाचा गौरव मुक्तपणे केला आहे; पण तो प्रांजळपणा, विनोद, घरगुती भाषा आणि एका विक्षिप्त कविपतीचे चित्र या चार मुद्द्यांभोवती. ग्रंथाचा धार्मिक आशय ही जणू निमित्तमात्र पार्श्वभूमी. उलट, भाविक वाचक त्याकडे साक्ष म्हणून पाहतात, तेव्हा विनोद आणि घरगुती तपशील यांना तोंडी लावण्याचे स्थान मिळते. दोन्ही वाचनांत एकच गोष्ट निसटते. या ग्रंथात आध्यात्मिक वाढ त्या तपशिलांतूनच सांगितली गेली आहे.

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे वेड येते. घरात येणारी वस्तू धुऊन घेण्यापर्यंत ते गेलेले आहे आणि घरातली माणसे त्याखाली पिचलेली आहेत. हे चित्र विनोदाने रंगविलेले असले, तरी पुढच्या सर्व कथनाचे मोजमाप तेथेच ठरते. स्पर्श, पाणी, चूल आणि पंगत ही या आत्मचरित्रातील आध्यात्मिक प्रतिमासृष्टी होय. टिळकांच्या धर्मांतरानंतर काही वर्षे ताटातूट होते. पुढे त्या पतीजवळ राहायला येतात, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊन. एका घरात दोन व्यवहार चालतात. मग केव्हातरी, कोणाच्या उपदेशावाचून, जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, असा विचार त्यांच्या मनात उभा राहतो आणि त्या शिवाशीव सोडतात. बाप्तिस्मा येतो तो त्यानंतर, १९०० साली.

हा क्रम नीट पाहिला पाहिजे. 'अरुणोदया'त विश्वास आधी आतमध्ये पक्का होतो आणि मग तो बाहेर उघड करण्याची लढाई होते. येथे आधी हात बदलतो, मग मन आणि सर्वांत शेवटी नाव. परमहंस सभेला जे झाकल्या दाराआडही टिकवता आले नाही, ते एक अल्पशिक्षित बाई उघड्या स्वयंपाकघरात करते. बाप्तिस्म्याचा प्रसंग ग्रंथात आहे, पण तो कळस नाही. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच माणसे, सारखीच भांडणे, सारखीच ओढाताण आहे. पलीकडे मात्र घर मोठे होत जाते. दुष्काळ येतो, परकी मुले येतात, ज्यांच्या सावलीचाही एके काळी विटाळ झाला असता ती माणसे घरची होतात. लक्ष्मीबाई कोठेही 'मी वाढले' असे म्हणत नाहीत. ताटांची संख्या वाढते, एवढेच दिसते. वाढीचे माप निवेदिकेच्या अंतरंगात नसून तिच्या शेजारी बसलेल्या माणसांत आहे, हा या ग्रंथाचा मोठा वाङ्मयीन शोध होय.

यावर असा आक्षेप येऊ शकेल, की हा ग्रंथ मुळात टिळकांविषयी आहे आणि लक्ष्मीबाईंचे शिष्यत्व हे पतिनिष्ठेचेच दुसरे नाव आहे. आक्षेप वजनदार आहे. त्यांच्या जीवनातील निर्णायक वळणे टिळकांनी घेतलेल्या निर्णयांतून आली, हे नाकारता येत नाही. परंतु त्या टिळकांमागून चालतात त्या हसत हसत, आणि हे हसणे निर्णायक आहे. टिळकांचा राग, त्यांचा विसरभोळेपणा, संसाराचा विचार न करता केलेले दान यांकडे त्या पाहतात तेव्हा भक्त आणि टीकाकार एकाच वाक्यात बोलत असतात. याच नजरेने त्या स्वतःच्या अडाणीपणाकडे आणि हेक्याकडे पाहतात. धर्मशास्त्र ज्याला नम्रता म्हणते, तिचे हे गद्यातील रूप आहे. संतचरित्राचा मोह आणि आत्मगौरवाचा मोह, या धर्मांतरोत्तर लेखनातील दोन ठरलेल्या खोड्यांतून ते सुटते ते या विनोदामुळे. तेव्हा 'स्मृतिचित्रां'तील विनोद हा त्यांच्या धार्मिक आशयाचा अलंकार नसून त्याची अट आहे. चौथा भाग लेखिकेच्या हातून पूर्ण झाला नाही. मृत्यूने घातलेला हा अपुरेपणा योगायोगाचा खरा. पण ज्या कथनाला कळसच नव्हता, त्याच्याशी तो विसंगतही वाटत नाही.

७

या उत्तराची मर्यादाही सांगितली पाहिजे. येथे विचारात घेतलेल्या आत्मकथनांत वाढ मोजली जाते ती वरच्या जातीतून खाली उतरलेल्या माणसाची. लक्ष्मीबाईंच्या पंगतीत जे बसले ते स्वतः काय शिकत होते? अहमदनगर जिल्ह्यात मोठ्या संख्येने ख्रिस्ती झालेले लोक बहुतांशी महार-मांग समाजांतील होते. मिशनच्या अहवालांत ते आकड्यांत येतात, 'स्मृतिचित्रां'त माणसे म्हणून येतात, पण निवेदक म्हणून कोठेच येत नाहीत. त्यांच्यासाठी धर्मांतर हे काही सोडणे नव्हते. ते माणूस म्हणून उभे राहणे होते. अशा माणसाच्या शिष्यत्वाचा घाट शिवाशीव टाकण्याच्या प्रतिमेतून घडणार नाही. चर्चमध्ये पोचल्यावरही जात सोबत आली, तर ती कोणी आणली, हा प्रश्न तो विचारील.

धर्मांतरानंतर काय, हा प्रश्न ख्रिस्ती वाङ्मयापुरता नाही, हे येथे स्पष्ट होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी अनेक प्रतिज्ञा पुढील आचरणाविषयीच्या आहेत. दीक्षा एका दिवसाची आणि प्रतिज्ञा आयुष्याच्या, ही जाण त्यांत आहे. त्यानंतरच्या दलित आत्मकथनांत प्रतिज्ञा आणि जगणे यांतील अंतर कसे हाताळले गेले, याचा अभ्यास 'स्मृतिचित्रां'शेजारी ठेवून केल्यास दोन्ही बाजूंवर प्रकाश पडेल. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

येथे एवढेच नोंदवावयाचे, की धर्मांतरित माणसाने काय सोडले याच्या नोंदी आपण पुरेशा केल्या आहेत. त्याने नंतर काय धरले, कोणत्या माणसांबरोबर धरले आणि ते सांगताना भाषेचा कोणता घाट मोडावा लागला, हे पाहण्याची साधने समीक्षेकडे आहेत. 'अरुणोदय', रमाबाईंची साक्ष आणि 'स्मृतिचित्रे' ही तीन पुस्तके या प्रश्नासह पुन्हा वाचण्याची गरज आहे.